बाई, तुमच्या नावाचं पाणी

बाई, उद्या तुमचं जलदान आहे. विहारासमोर मंडप उभा राहिला, भन्तेजींना निरोप गेला, आणि तुमच्या नावानं पाणी सोडायचा तांब्या माझ्या हातात द्यायचा, हेही घरच्यांनी ठरवून टाकलं. ‘आता काकूच घरातली मोठी,’ असं तुमचा मिलिंद सगळ्यांसमोर म्हणाला. मी मोठी! तुमची धाकटी जाऊ म्हणून ह्या घरात आले, ती परवापरवापर्यंत धाकटीच होते. तुम्ही ऐकलं असतं तर पदर तोंडाला लावून हसला असता.

पण माझी पंचाईत वेगळीच आहे. ‘मी मेली तं माह्या नावानं पाणी ओतजो नको, नले,’ असं तुम्ही बजावून ठेवलंय. मला एकटीला, चुलीपुढे, दुसरं कोणी नसताना. मिलिंदला हे ठाऊक नाही, भन्तेजींनाही नाही. सांगायला गेले तर म्हणतील, रागाच्या भरात माणूस काहीही बोलतं. रागात होतात तुम्ही, ते खरं. पण रागात तुम्ही कधी खोटं बोलल्याचं मला आठवत नाही. खोटं तुम्ही गोडीत असलात की बोलायचात. ‘भाजी मस्त झाली वं,’ म्हणायचात आणि हळूच ताटलीत मीठ घ्यायचात.

डोळे मिटले की मला अजून सूतच दिसतं. विहाराचं अंगण, मधोमध कडुनिंब, आणि कडुनिंबाच्या बुंध्यापासून, विहाराच्या खांबांपासून निघालेले पांढरे धागे. प्रत्येक ताण्याच्या दुसऱ्या टोकाला कमरेला पट्टा बांधून बसलेली एकेक बाई. कापसाचे तंतू उडताहेत, कोणाच्या भुवईवर बसताहेत, कोणाच्या चहात. चरखे घुमताहेत, आणि त्या घुमण्यानं दुपारचं ऊनही पेंगुळलंय. तुम्ही पायरीवर, गुडघ्यांना हातांची मिठी घालून, तोंड दुसरीकडे फिरवून. झोप आणि जाग ह्यांच्या मधल्या वेळेला हे सगळं येतं, आणि त्यात कोणीच काही बोलत नाही. खरं तर विणायच्या त्या दिवशी इतका गलका होता की भन्तेजींनी हात जोडून ‘जरा शांत बसा’ म्हटलं होतं.

आपण चीवरदान दरवर्षी करतच होतो. वर्षावासात भिक्खू एका जागी राहतात, तो संपला की त्यांना अंगावरचं वस्त्र द्यायचं. करत होतो म्हणजे काय, तर नागपूरला कोणी जाणारा असेल त्याच्या हातून तयार चीवर मागवायचं, प्लास्टिकच्या पिशवीसकट ताटात ठेवायचं, फुलं वाहायची आणि खीर खाऊन घरी यायचं. मग हे म्हातारे भन्तेजी आले. त्रिपुराच्या डोंगरात बरीच वर्षं काढलेले. तिकडे म्हणे बायका एका दिवसात कापूस वेचतात, सूत काढतात, विणतात, शिवतात, रंगवतात आणि दुसरा दिवस उगवायच्या आत चीवर दान करतात. ‘आणि तुमच्या गावात तर कापूसच कापूस,’ एवढंच म्हणाले. मला तेवढं पुरलं. माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक, उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग. मी तशीच उठून घरी आले.

तुम्ही मेथी निवडत होतात. मी सांगत गेले, आणि तुम्ही हातातली काडी खाली न ठेवता म्हणालात, ‘मी नाई बसत मागावर.’

‘काहून?’

‘तुले काय मालूम माग काय असते.’

मग तुम्ही सांगितलंत. इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदा. कळंबकडच्या तुमच्या माहेरी आजोबांचा माग होता. ते जाडंभरडं कापड विणायचे आणि पोरीटोरींनी सुताच्या कांड्या भरायच्या. कापड तयार झालं की तुम्ही आजोबांचं बोट धरून गावात जायचात. घेणारीच्या दाराशी कापड खाली ठेवायचं आणि मागे सरकून उभं राहायचं. ती तांब्या घेऊन यायची, कापडावर पाणी शिंपडायची आणि मगच ते उचलायची. विणणाऱ्याचा हात धुऊन निघावा म्हणून. ‘कोरं कापड, नले. आज्यानं खळ देऊन देऊन कसं कडक केलतं. पाणी पडलं का खळ पसरे, डाग पडत.’ विटाळाचं तुम्हाला तेव्हा कळत नव्हतं, म्हणालात. डागाचं कळायचं. पुढे आजोबांनी माग मोडून त्याचं लाकूड चुलीत घातलं, तेव्हा तुम्ही सगळी पोरं चुलीभोवती नाचला होतात.

‘अन् आता तू म्हणून राह्यली का पुन्हा विण.’

मी म्हटलं, हे विकणं नाही, दान आहे. घेणारा दोन्ही हातांनी घेणार. तुम्ही म्हणालात, विणणारा हात तं तोच ना. मी म्हटलं, म्हणूनच तर. तिथून पुढे वर्षभर आपलं तेच. स्वयंपाक करताना तेच, निंदताना तेच. शेतात एका ओळीत तुम्ही, शेजारच्या ओळीत मी, आणि मधे हे भांडण. बाकीच्या बायका म्हणायच्या, ह्या दोघी जावांना शेजारी लावू नका, बोंडं दचकून गळतील. मला अजूनही वाटतं माझं बरोबर होतं. तुमचंही चूक नव्हतं. दोन्ही एकदम कसं खरं असू शकतं, ह्यावर आपण एकदा नीट बसून बोलायला हवं होतं, पण आपल्याला नीट बसून बोलायची सवयच नव्हती.

पावसाळाभर आम्ही शिकलो. माग म्हणजे थोड्या काठ्या आणि एक पट्टा. ताण्याचं एक टोक झाडाला, दुसरं आपल्या कमरेला. मागे रेललं की धागे ताठ, पुढे झुकलं की सैल. चीवर तुकडे जोडूनच करतात, शेतात धुरे, म्हणजे बांध, असावेत तसे त्यात जोड दिसतात, म्हणून अरुंद पट्ट्या चालतात आणि पुष्कळ बायका एकदम विणायला बसू शकतात. तुम्ही वाटेनं जाताना थांबायचात. ‘गाई बांधल्यावानी बांधून घेतलं वं सगळ्यायनं,’ म्हणायचात. टोमणा मारायला एक क्षण पुरतो, बाई. तुम्ही त्याहून बराच वेळ थांबायचात.

चीवराच्या दिवशी मात्र तुम्ही आमच्या आधी शेतात. ‘वेचणं का मले नवं हाय? विणणार नाई म्हणलं, वेचणार नाई नाई म्हणलं.’ आणि आम्ही काय केलं? जन्म कापसात गेलेल्या आम्ही बायका, पुण्य मिळवायच्या घाईत दहिवरात भिजलेला कापूस वेचत सुटलो. आपल्याकडच्या शेंबड्या पोरालाही कळतं की ओला कापूस वेचू नये. तुम्ही कमरेवर हात ठेवून उभ्या राहिलात. ‘सण हाय म्हणून कापूस बदलते का वं? ओल्याची सरकी तुमचा बाप काढीन काय?’ मग तो सगळा कापूस विहाराच्या गच्चीवर पसरला आणि आम्ही त्याच्याभोवती, वाळतो केव्हा म्हणून बघत बसलो. भन्तेजींनी तेवढ्यात ध्यान उरकून घेतलं.

दुपारी मी विणायला बसले. पट्टी निम्म्याच्या वर गेली आणि माझ्या पाठीत अशी उसण भरली की पुढे वाकता येईना की मागे रेलता येईना. बाकीच्या सगळ्या आपापल्या मागाला बांधलेल्या. कोणी उठली तर तिचा ताणा सैल पडणार. मी ओठ दाबून बसले होते. तुम्ही पायरीवरून उठलात, आलात, आणि काही न विचारता माझ्या कमरेचा पट्टा सोडवायला लागलात.

‘सरक,’ म्हणालात.

तुम्ही बसलात. पट्टा बांधलात. पायांना टेकू म्हणून समोर वीट ओढून घेतलीत आणि मागे रेललात, तशी माझ्या हातात कधी झाली नव्हती इतकी पट्टी ताठ झाली. मी तुमच्या शेजारी चटईवर आडवी झाले. खालून वर बघताना धाग्यांच्या पलीकडे कडुनिंबाची पानं दिसत होती. तुम्ही रेललात की धागे उजळायचे, झुकलात की विझायचे. धोटा इकडून तिकडे, लाकडी पट्टीचा ठोका, पुन्हा रेलणं. थोड्या वेळानं मला वाटायला लागलं की झाडच तुमच्या कमरेला बांधलंय आणि तुम्ही त्याला हळूहळू झुलवताय. तुमचे ओठ हलत होते. काही पुटपुटत होतात की मनात काही जुनं चाललं होतं, कोण जाणे. तेव्हाच विचारायचं होतं मला, बाई, काहून बसल्या? माझी कणव आली म्हणून, धम्मासाठी, की हाताला राहवलं नाही? पण मला झोप लागली. इतकी गाढ, इतकी सुखाची झोप मला माझ्या माहेरीसुद्धा कधी लागली नसेल. ती तुम्ही दिलीत.

जाग आली तेव्हा पट्टी संपली होती आणि तुम्ही कोणाशी तरी भांडत होतात, म्हणजे सगळं ठीक होतं. मग शिवणं झालं. चुलीवर मोठ्या गंजभर पाण्यात खैराची आणि बाभळीची साल उकळत होती, त्यात चीवर बुडवलं. पिळून वाळवायला घेतलं तर इस्त्रीच्या ऐन वेळी लाइन गेली. कोळशाची इस्त्री शोधताना साऱ्या गावाची अडगळ बाहेर आली. शेवटी दिवस मावळता मावळता चीवर ताटात घडी होऊन बसलं. जरा ओलसर, जरा वाकडं, मातकट पिवळं. पिशवीतल्या चीवराला असला वास कधी नव्हता.

भन्तेजी म्हणाले, गावातून मिरवत आणा. ताट कोणाच्या डोक्यावर द्यायचं ह्यावर मी बोललेच नाही, बायकांनीच ते तुमच्या डोक्यावर ठेवलं. तुम्ही नको म्हणाला नाहीत. पदर सारखा केलात आणि मान अशी सरळ धरलीत की मी मागून चालताना तुमच्याकडेच बघत राहिले.

वच्छलाबाईंच्या घरापुढे ते झालं. वच्छलाबाई म्हणजे आपल्या धुऱ्याला धुरा लागून असलेल्या पाटलीणबाई. त्यांच्यात वाटेवरून पालखी गेली की सवाष्णीनं पुढे होऊन पायांवर पाणी घालायचं. तो मान. त्या म्हातारपणी धडपडत ओट्यावरून उतरल्या, तांब्या घेऊन तुमच्या पुढे आल्या आणि वाकल्या. तुम्ही फक्त तांब्या पाहिलात. ताट डोक्यावरून ओढून छातीशी धरलंत, पाठ फिरवलीत आणि ओरडलात, ‘पाणी नको! कापडाले पाणी नको!’ पाणी तुमच्या पाठीवर सांडलं. सगळी मिरवणूक जागच्या जागी थांबली. पोरांनी लावलेली वंदना तेवढी स्पीकरवर चालू होती. वच्छलाबाई रिकामा तांब्या धरून उभ्या. ‘अवं, मी तं पायावर घालून राह्यली होती,’ एवढंच म्हणाल्या. त्यांचं तोंड एवढंसं झालं होतं.

विहारात भन्तेजींनी चीवर दोन्ही हातांनी घेतलं, मांडीवर ठेवलं आणि त्यावरून हात फिरवला. तुम्ही ते पाहिलंत. डोळे मिटले नाहीत की पुसले नाहीत, नुसतं पाहत राहिलात. मग गेलेल्या माणसांच्या नावानं तांब्यातून वाटीत पाणी सोडायला लागले, तशा तुम्ही उठून घरी गेलात.

सकाळी चुलीपुढे मी विषय काढला. वच्छलाबाईंनी मान म्हणूनच पाणी आणलं होतं, हे सांगायला गेले.

‘मले का मालूम नाई?’ तुम्ही उसळलात. ‘मालूम हाय, नले. चांगली बाई हाय ते. पण अंग आयकत नाई ना. पाणी वरून पडताना दिसलं का मले तोच तांब्या दिसते.’ मग चुलीतलं लाकूड आत सारलंत. ‘मी जाऊन येईन तिच्या घरी एकदा.’ आणि त्यावर ते वाक्य, माह्या नावानं पाणी ओतजो नको.

‘सकाळी सकाळी काय हे बोलता?’ मी म्हटलं.

‘दूध पाह्य, उतू चाललं,’ तुम्ही म्हणालात.

मग वेचणीची घाई सुरू झाली. वच्छलाबाईंकडे जाणं आज नाही उद्या करत राहिलं. आणि एका सकाळी तुम्ही उठलाच नाहीत. मी चहा घेऊन आले, बाई, साखर जास्त घातलेला.

परवा दुपारी डोळा लागला तर तुम्ही आपल्या शेतात बसलेल्या. कमरेला पट्टा, आणि त्यातून निघालेले धागे कापसाच्या ओळींवरून दूर, धुऱ्याच्या पार पलीकडे गेलेले. दुसरं टोक कशाला बांधलंय ते दिसत नव्हतं. मी म्हटलं, सोडू का? तुम्ही म्हणालात, थांब, थोडंसं राह्यलं. जागी झाले तेव्हा मला रडू आलं नाही, उलट बरं वाटलं. मग भांडी घासताना आलं.

उद्याचं काय करू, ते तेवढं सांगितलं नाहीत.

इथवर काल लिहिलं होतं. आज जलदान झालं, म्हणून पुढचं लिहिते.

मंडप भरला होता. तुमच्या फोटोला तुम्हाला आवडत नाही तसला मोठा हार होता. भन्तेजी आपण विणलेलंच चीवर अंगावर घेऊन आले होते. गाथा सुरू झाल्या, मिलिंदनं माझ्या हातात तांब्या दिला, खाली वाटी ठेवली. मी तांब्या धरला आणि तो काही केल्या कलता होईना. गाथा संपत आल्या. शेवटी मी सगळ्यांसमोर म्हणाले, ‘बाईनं मले नाई म्हणून सांगितलं हाय. वरून पाणी ओतू नको म्हणे.’ का ते पण सांगितलं. कळंबकडचं दार, कापड, तांब्या, सगळं. मागच्या बाजूला कुजबुज झाली. कोणी म्हातारा म्हणाला, पण रीत हाय ना ते. मिलिंद माझ्याकडे बघत राहिला. त्यालाही तुम्ही कधी सांगितलं नव्हतं, बाई.

भन्तेजींनी डोळे उघडले. ‘दान द्यायचं आहे,’ म्हणाले. ‘ओतूनच द्यावं असं कुठं आहे?’

तांब्या धरून मी उभी राहिले, तेव्हा मंडपाच्या शेवटच्या बांबूजवळ वच्छलाबाई दिसल्या. सतरंजीवर आल्या नव्हत्या. बोलवतील की नाही, बसावं की नाही, अशा उभ्या. शेतातून उन्हात पायी आलेल्या, कपाळ घामानं भिजलेलं, श्वास लागलेला. मी लोकांमधून वाट काढत त्यांच्यापर्यंत गेले.

‘बाई तुमच्याकडं येणार होत्या,’ मी म्हटलं. ‘राहून गेलं.’

त्यांनी माझ्या हातातला तांब्या पाहिला आणि सवयीनं ओंजळ पुढे केली. मी मान हलवली. ओंजळीत घालायचं म्हणजे वरूनच ओतायचं. मी मिलिंदला हाक मारून ग्लास मागवला, भरला, आणि त्यांच्या हातात दिला. माझी बोटं त्यांच्या बोटांना लागली. वच्छलाबाईंनी ग्लास ओठांना लावला आणि डोळे मिटून सगळं पाणी पिऊन टाकलं. त्यांनी पदरानं तोंड पुसलं, फोटोकडे बघितलं, आणि ग्लास माझ्यापुढे धरून हळूच विचारलं, ‘अजून हाय का वं?’

तांब्यात होतं, बाई. मी तुमच्या नावानं पुन्हा भरून दिला.